कोपरापाशी थांबलेला निरोप

कुंदनला मुलगी झाली तेव्हा पेढे आणायला कोणी गेलं नाही.

योगिता कॉलेजच्या प्रयोगशाळेतून थेट सुरतच्या उधना भागातल्या लहानशा दवाखान्यात पोचली, तर बाहेरच्या बाकावर तिचा थोरला भाऊ कुंदन मान खाली घालून बसलेला. त्यांची आई शोभाबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेचा एकच मणी पुन्हा पुन्हा चोळत होती.

"वहिनी बरी आहे ना?"

"बरी शे," शोभाबाई वळल्यासुद्धा नाहीत. "आंडेर व्हयनी. तू मजार जाय, तूच देख. तू शिकेल शे."

योगिता आत गेली. जयश्री डोळे मिटून पडली होती, पण जागी होती हे पापण्यांवरून कळत होतं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली मुलगी तिच्या कुशीत होती. कपाळ रुंद, ओठ कुंदनसारखे, डोक्यावर दाट जावळ. योगितानं कापड बाजूला केलं. उजवा हात छातीवर मूठ करून ठेवलेला. डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत गुबगुबीत, पुढे इवलासा गेलेला आणि तिथेच संपलेला. टोकाला ज्वारीच्या दाण्यांएवढे चार-पाच फुगवटे होते. बोटं व्हायला निघाली होती आणि राहून गेली होती.

योगिताला आधी दया आली नाही, रडूही आलं नाही. आधी तिला ओळख पटली. असा हात तिनं पूर्वी पाहिला होता.

योगिता तेव्हा प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करत होती. वडील गेले तेव्हा कुंदननं शाळा सोडून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना धरला होता आणि "एकानं तरी शिकलं पाहिजे" म्हणून बहिणीला पुढे ढकललं होतं. नवागामच्या गल्लीत खानदेशातून आलेली चारशे घरं असतील, पण "मनी बहीण सायन्सवाली शे" असं छाती फुगवून सांगणारा तो एकटाच. बहीण तिथे नेमकं काय करते ते मात्र घरात कोणाला ठाऊक नव्हतं. शोभाबाई माळकरी, घरात अंड्याचं नावही निघत नसे. म्हणून "पेशींवर काम करते" एवढंच योगितानं सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

ती कोंबडीच्या फलित अंड्यांवर काम करत होती. अंड्याच्या कवचाला नाजूक खिडकी पाडायची. आत बलकावर रक्ताच्या केसाएवढ्या रेघांचं जाळं, मधोमध टिकटिकणारा लाल ठिपका म्हणजे हृदय, आणि बाजूला पंखाचा कोंब, भिजलेल्या मटकीला फुटतो तसा. त्या कोंबाच्या कडेला पेशींचा एक बारीक वरंबा असतो. तिच्या मार्गदर्शक देसाई मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "सगळा खेळ या कडेचा आहे. पेशींना डोळे नाहीत, कान नाहीत, जागा सोडून जाऊन विचारता येत नाही. तरी त्या लांबून एकमेकींशी बोलतात. ही कड एक रसायन सोडते, ते आतल्या पेशींपर्यंत झिरपत जातं. निरोप एवढाच, की वाढत राहा, अजून हात पुरा झालेला नाही. दुसरीकडून आणखी एक निरोप येतो. जी पेशी जवळ तिला तो दाट मिळतो, जी लांब तिला विरळ. त्या दाट-विरळावरून ती ओळखते, आपण करंगळी व्हायचं की अंगठा."

योगिताचं काम असं, की सुईच्या टोकानं ती कड अलगद काढून टाकायची, खिडकी चिकटपट्टीनं बंद करायची, अंडं उबवणीत ठेवायचं आणि पंख कुठवर येऊन थांबतो ते पाहायचं. कड लवकर काढली तर पंख कोपरापाशीच थांबे, उशिरा काढली तर नुसती टोकं जात. तिच्या टेबलावर बाटल्यांतून अशी कितीतरी अर्धवट पंखांची पिल्लं होती. मॅडम तिच्या हाताचं कौतुक करत.

तेच कोपर आता तिच्यासमोर श्वास घेत होतं.

*

मुलीचं नाव मनीषा ठेवलं. बारसं दार लोटून झालं. शेजारणी आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि चहा न घेता गेल्या. जयश्री मुलीला कायम पदराखाली घेऊन बसे. कुंदन मात्र मुलीला हातात घेईना. पाळण्याजवळून जाताना तो दुसरीकडे बघे. जेवायला बसला की अर्ध्या भाकरीवर उठे.

एका रविवारी योगितानं त्याला दारापुढच्या छपरीत गाठलं.

"भाऊ, तिला एकदा तरी उचल. वहिनीला काय वाटत असेल?"

कुंदन चपलेच्या टोकानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "कोणत्या तोंडानी उचलू? हात मीच खाल्ला तिचा."

"काय बोलतोस?"

"त्या गोळ्या, योगे. प्लेगच्या."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आदल्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून स्टेशनाकडे धावलं होतं. औषधाच्या दुकानांत प्लेगवरचं टेट्रासायक्लिन मिळेनासं झालं होतं. कुंदन कतारगामपर्यंत पायी भटकून कॅप्सूलची पाकिटं घेऊन आला होता. जयश्रीला तेव्हा पाचवा महिना होता. ती नको म्हणत होती. 'पोटमा लेकरू शे, नको,' असं म्हणून तिनं तोंड फिरवलं होतं. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत, माणसावर माणूस बसलेल्या डब्यात कुंदननं तिच्यावर डोळे वटारले होते, आणि ती रडत रडत एकेक कॅप्सूल गिळत होती. ते योगितानंही पाहिलं होतं. तीही तेव्हा गप्प बसली होती, कारण मरणाची भीती तिलाही वाटत होती.

"ती नही म्हणे," कुंदन म्हणाला. "मी जबरदस्ती करी."

योगिताच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण ते सांगायचं तर सगळंच, अंड्यांचंसुद्धा, सांगावं लागलं असतं. "मी मॅडमना विचारून बघते," एवढंच ती बोलली.

देसाई मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. फुगवट्यांचं वर्णन त्यांनी दोनदा विचारलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाचव्या महिन्यात घेतलेल्या गोळ्यांनी हे होत नाही. माणसाचा हात दुसऱ्या महिन्यातच बनून जातो, बोटांसकट. हे जे थांबलं ते तेव्हाच थांबलं. आईला धड कळलंही नसेल की दिवस गेलेत."

"मग कशामुळे?"

"निरोप थांबला असेल, किंवा तेवढ्या जागी रक्त कमी पोचलं असेल. कोंबडीत आपण सुई लावतो म्हणून आपल्याला कारण माहीत असतं. इथे सुई कोणी लावली नाही. पुष्कळदा कारण नसतंच, बेटा. निदान आपल्याला सापडेल असं नसतं."

योगिता घरी आली. आज सांगेन असं मनाशी म्हणाली, मग होळी झाल्यावर सांगेन म्हणाली. कुंदनला नुसतं 'मॅडम म्हणतात गोळ्यांचा संबंध नाही' असं तिनं एकदा सांगून पाहिलं. तो हसला. "तुना मॅडमले काय? मना समाधानसाठी सांगत असतील," म्हणाला आणि चप्पल घालून कामावर गेला.

*

मार्च संपता संपता एका संध्याकाळी भटू दारात आला. भटू कुंदनच्याच कारखान्यात, शेजारच्या लूमवर काम करायचा. तो आत येईना. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, "मावशी, कुंदनले काही दिवस कामावर धाडू नका."

"का रे? काय व्हयनं?"

भटूनं आजूबाजूला पाहिलं. "लूम चालू व्हता. धागा तुटेल नव्हता, काही नव्हतं. अन् हा डावा हात फणीच्या ठोक्यासमोर धरून उभा. मी हाका मारी राहिनू, त्याले ऐकूच येईना. मी धावत जाऊन मेन बंद केला. एक ठोका जरी उशीर झाला असता ना..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "डावाच हात, मावशी."

कुंदन त्याच्यामागे गल्लीत उभा होता. लहान मुलाला मास्तरानं घरी आणून सोडावं तसा.

भटू गेल्यावर जयश्री पहिल्यांदा मोठ्यानं रडली. शोभाबाई देवापुढे जाऊन बसल्या. योगितानं दार लावून घेतलं आणि कुंदनला हाताला धरून खाली बसवलं.

"भाऊ, आता मी सांगते ते ऐक. समाधानासाठी सांगत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय."

आणि तिनं सगळं सांगितलं. कोंब कसा असतो, कड कशी असते, आतल्या पेशींपर्यंत निरोप कसा जातो. देव्हाऱ्यात उदबत्ती लावली की दारातल्या माणसाला कमी वास येतो, जवळच्याला जास्त येतो, तसं ते रसायन पसरत जातं, आणि त्या अंतरावरून एकेक पेशी आपली जागा ओळखते, असं सांगितलं. कुंदन ऐकत होता, पण त्याचे डोळे रिकामेच होते.

"हे तू पुस्तकात वाचलंस," तो म्हणाला.

"नाही. माझ्या हातानं केलंय." योगितानं आपले हात त्याच्यापुढे धरले. "मी कोंबडीची अंडी उघडते. आतल्या पिल्लाच्या पंखाची कड सुईनं काढते. मग पंख वाढत नाही. आपल्या मनीचा हात थांबलाय ना, तसाच, कोपरापाशी थांबतो. कड अगदी सुरुवातीला गेली तरच असं होतं. पंख पुरा झाल्यावर तुम्ही काहीही द्या, काहीही करा, तो परत आखूड होत नाही. मनीचा हात दुसऱ्या महिन्यातच थांबला होता. वहिनी आखाजीच्या माहेरपणाहून परत आली त्याच्या पुढच्या महिन्यात. आखाडात. तेव्हा प्लेगही नव्हता आणि तुझ्या गोळ्याही नव्हत्या. तू गोळ्या दिल्यास तेव्हा होऊन गेलं होतं सगळं."

कुंदननं मान वर केली. "नक्की?"

"वाटेल त्याची शपथ घेते."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे सैल पडले, तोंड वेडंवाकडं झालं, आणि पोटातून काहीतरी सुटावं तसा तो हुंदके देऊ लागला. रडतच तो उठला, पाळण्याशी गेला आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा त्यानं मुलीला उचललं. कसं धरायचं ते त्याला येत नव्हतं. मान लटकली, तशी जयश्रीनं धावत येऊन खालून हात दिला.

योगिताला वाटलं, झालं. वाचला.

"योगे."

शोभाबाई देवापुढून वळल्या होत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"आखाडमा तू काय करी राहिनी व्हती?"

"म्हणजे?"

"हाई तुनं काम. पिल्लासना पंख तोडानं. कव्हळ सुरू करं?"

योगिताला खोटं बोलता आलं असतं. पण आत्ताच तिनं शपथ घेतली होती. "जुलैमध्ये," ती म्हणाली. "कॉलेज उघडल्यावर."

"म्हणजे आखाडमाच."

"माय, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"एकाच घरमा, एकाच ताटमा जेवस. सकाळे पिल्लाना पंख तोडीसन येस, सांजले त्याच हातानी वहिनीले भाकर वाढस." शोभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या पुसत नव्हत्या. "अन् म्हणे कोपरपाशी थांबस! तूच सांगी राहिनी."

"अंड्यातला निरोप अंड्याच्या कवचाबाहेरसुद्धा जात नाही, माय!"

"न शिवता, न बोलता, अंधारमा निरोप जास, हाई तूच सांगं ना? मंग जीव तोडाना तळतळाट जास नही का?"

याला उत्तर होतं. योगिताकडे एक सोडून दहा उत्तरं होती. तिनं तोंड उघडलं आणि कुंदनकडे पाहिलं. मुलीला छातीशी धरून तो उभा होता. त्याचे डोळे ओले होते, पण कित्येक आठवड्यांनी त्यांत माणूस दिसत होता. तो योगिताकडे बघत होता. 'माय, गप्प बस,' असं त्यानं म्हणावं म्हणून ती थांबली. तो म्हणाला नाही. त्याच्या नजरेत राग नव्हता. होती ती फक्त सुटका, आणि सुटल्याची लाज.

योगिताला तेव्हा कळलं, की या घराला कारण हवं आहे. कारण नाही, असं म्हणून हे घर एक दिवसही उभं राहणार नाही. तिनं स्वतःला सोडवून घेतलं तर कारण पुन्हा फिरत फिरत कुंदनपाशी जाऊन थांबेल, आणि मग भटू दर वेळी शेजारच्या लूमवर असेलच असं नाही.

तिनं तोंड मिटलं.

जयश्रीनं कुंदनच्या हातातून मुलीला घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. जाताना तिनं पदर मुलीच्या डोक्यावरून ओढून घेतला, योगिताच्या बाजूनं. एवढंच केलं तिनं.

*

पुढच्या आठवड्यात योगितानं कॉलेजजवळ दोन मुलींबरोबर एक खोली घेतली. घरी कोणी नको म्हटलं नाही. शोभाबाईंनी तिची ताटवाटी धुऊन तिच्या पिशवीत ठेवली.

प्रयोग अर्धवट राहिला होता, शेवटची अंडी उबवणीत होती. आपल्याला आता सुई धरता येणार नाही, असं तिला वाटत होतं. धरता आली. हात थरथरला नाही. खिडकी पाडली, कड काढली, चिकटपट्टी लावली. हात थरथरला नाही याचंच तिला नंतर कितीतरी दिवस भय वाटत राहिलं. प्रबंध पुरा झाला, पहिला वर्ग मिळाला. मॅडमनी पीएच. डी.चं विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली. का, ते त्यांनी विचारलं नाही. बहुधा ओळखलं असावं.

भेस्तानच्या एका शाळेत तिला विज्ञानशिक्षिकेची नोकरी लागली. राखी पौर्णिमेच्या सुमारास कुंदन शाळेच्या फाटकापाशी यायचा. तिथेच ती त्याला राखी बांधायची. तो कामावर नियमित जात होता. जयश्रीला पुन्हा दिवस राहिले नव्हते. दोघांनाही धीर होत नव्हता.

मनीषा चौथ्या वर्षात होती तेव्हा तो तिला खांद्यावर बसवून घेऊन आला. योगितानं तिला बारशानंतर इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. मुलगी वडिलांच्या डोक्याला आखूड हातानं घट्ट विळखा घालून बसली होती आणि उजव्या हातातली सुकी बोरं खात होती. योगितानं बोट पुढे केलं, तर तिनं त्यावर बोराची बी ठेवली आणि हसली. समोरचे दात पिवळट, तपकिरी झाकेचे होते.

"शू छे आ?" तिनं वडिलांना त्यांच्या मनगटावरच्या राखीकडे बोट करून विचारलं. गल्लीतल्या पोरांबरोबर ती गुजरातीच बोलायला लागली होती.

"राखी," कुंदन म्हणाला. तिला खाली उतरवून त्यानं फाटकाजवळच्या झाडाखाली खेळायला सोडलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दात पाहिलेस? डॉक्टरकडे नेलं होतं. तो म्हणाला, पोटात असताना आईनं टेट्रासायक्लिन घेतलं होतं का?"

योगितानं फाटकाची कडी धरली.

"म्हणजे गोळ्या तिच्यापर्यंत पोचल्या होत्या."

"दातांपर्यंत पोचल्या, भाऊ. दात तेव्हा बनत होते. हात नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

"मंग हात कशानं?"

योगितानं इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी हजार वेळा मांडून पाहिलं होतं. "एका ठिकाणच्या पेशी दुसरीकडच्या पेशींना काहीतरी सांगत होत्या. ते मध्येच थांबलं. का थांबलं, ते कोणालाच माहीत नाही. तुलाही नाही, मलाही नाही, मोठमोठ्या डॉक्टरांनाही नाही."

कुंदननं झाडाखाली पाहिलं. मनीषा आखूड हात आणि हनुवटी यांच्यामध्ये बोरांची पुडी दाबून धरून दुसऱ्या हातानं ती उघडत होती.

"माहीत नाही, असं मनात ठेवलं ना, योगे, की मशीनपुढे उभं राहिल्यावर डोकं फिरतं," तो म्हणाला. "परत तसंच होतं. परवा झालं होतं." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "माय म्हणते ना, तुझ्या पिल्लांचा तळतळाट लागला, ते खरं नाही, मला माहीत आहे. पण मी तेच धरून चालतो. चालेल ना तुला?"

शाळेची मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं व्हरांड्यातून वर्गांकडे पळू लागली.

"चालेल," योगिता म्हणाली.

त्यानं मान हलवली. मुलीला हाक मारली, तिचं तोंड रुमालानं पुसलं आणि तिला खांद्यावर घेतलं. योगिता त्यांना वळणापर्यंत जाताना पाहत राहिली. मग फाटक ओढून घेतलं आणि वर्गावर गेली.